यंत्रापाशी रुग्ण, की रुग्णापाशी उपचार?

मनुका पाण्यात टाकल्या की फुगतात आणि साखरेच्या दाट पाकात टाकल्या की पुन्हा आक्रसतात. परासरणाचा हा प्रयोग तुम्ही केलाच असेल. मूत्रपिंडे निकामी झालेल्या माणसाला हेच तत्त्व जगवू शकते.

हृदय मिनिटाला सुमारे ५ लिटर रक्त ढकलते; त्यातले जवळजवळ एकपंचमांश मूत्रपिंडांकडे जाते. मूत्रपिंडे थकली, की अंगात साचणाऱ्या पाण्याचा भार हृदयावरच पडतो. मग डायलिसिस करावे लागते. १९४३ साली नेदरलँड्समध्ये डॉ. विलेम कोल्फ यांनी सेलोफेनच्या नळीतून रक्त फिरवून ते शुद्ध केले. आजच्या यंत्राला एका वेळी ४ तास आणि सुमारे १२० लिटर शुद्ध पाणी लागते. रुग्णाला आठवड्यातून साधारण ३ वेळा जावे लागते. २०१६ पासून राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमात गरीब रुग्णांना हा उपचार मोफत आहे.

पण आता थोडे गणित करू. आमच्या खेड तालुक्यातील, रसाळगडाच्या पायथ्याची एखादी वाडी घ्या. केंद्र ४० किलोमीटरांवर धरले, तर वर्षाच्या १५६ फेऱ्यांत १२,४८० किलोमीटर होतात. पृथ्वीचा व्यास याहून थोडाच जास्त आहे! सोबतच्या माणसाची मजुरी बुडते ती वेगळीच. जगबुडीला पूर आला, की फेरीच चुकते.

म्हणून माझे मत असे, की कोकणात पोटातील डायलिसिसला अग्रक्रम द्यावा. पोटाच्या आतील पातळ पडदाच येथे गाळणीचे काम करतो. नळीवाटे साधारण २ लिटर द्रव पोटात सोडतात. रक्तातील टाकाऊ द्रव्ये विसरणाने त्यात उतरतात आणि द्रवातील ग्लुकोज जादा पाणी ओढून घेते. काही तासांनी द्रव बदलायचा. दिवसातून ४ वेळा, घरीच. वीज नको, यंत्र नको. राष्ट्रीय कार्यक्रमात २०१९ साली या पद्धतीचाही समावेश झाला.

ही पद्धत सर्वांनाच चालत नाही. हात नीट धुतले नाहीत, तर पोटात जंतुसंसर्ग होतो. घरच्यांना आधी शिकवावेच लागते. शिवाय रोजचे ८ म्हणजे महिन्याचे २४० लिटर, पाव टनाच्या आसपास ओझे! ते पाखाडी चढून कोणी न्यायचे? स्वयंपाकाचा गॅस वाडीपर्यंत पोहोचवण्याची व्यवस्था आपण केलीच आहे. या पिशव्याही रुग्णाच्या दारात पोहोचवण्याची जबाबदारी सरकारी आरोग्यसेवेने घ्यावी आणि तो खर्च उपचाराच्या खर्चातच धरावा.