मुंग्या अंगावर काढू नका

‘गाठ विरघळतेय ना, मग झाले!’ असे म्हणून लिम्फोमाचे, म्हणजे लसिका ग्रंथींच्या कर्करोगाचे रुग्ण हातापायांच्या मुंग्यांबद्दल बोलत नाहीत. त्यावरच्या ‘चॉप’ उपचारातले व्हिन्क्रिस्टीन हे सदाफुलीपासून मिळणारे औषध मज्जातंतूंना इजा करू शकते. शर्टाची बटणे न लागणे, चप्पल नकळत निसटणे, बद्धकोष्ठता ही त्याचीच लक्षणे. अशक्तपणा समजून नुसते टॉनिक घेणे किंवा घाबरून उपचार सोडणे, दोन्ही चूक. पुढच्या डोसआधी डॉक्टरांना सांगा. मात्रा कमी करता येते. डॉक्टरांनीही दर खेपेस आपणहून विचारायला हवे. मात्र पाठदुखीबरोबर पाय लुळे पडले किंवा लघवी अडली, तर मज्जारज्जूवर गाठीचा दाब असू शकतो. तेव्हा त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.