शिक्षा १० वर्षांची, शिकवणी १५ तासांची

नव्या ड्रायव्हरच्या हाती एकट्याने ट्रक किती दिवसांनी द्यावा, हा प्रश्न आपल्या चळवळीत कुणी विचारत नाही. आरक्षण, शिष्यवृत्ती, अ‍ॅट्रॉसिटी यावर आपण बोलतो आणि बोललेच पाहिजे. पण वस्तीतली दहावी-बारावीत शाळा सुटलेली पोरं आज टेम्पो, डंपर, ट्रेलरवर पोट भरतात. त्यांच्या कामाचा विषय निघाला की आपल्याला तो आरटीओचा विषय वाटतो. माझ्या मते तो थेट आपला विषय आहे.

आधी कायदा काय म्हणतो ते पाहू. मालवाहू गाडीच्या लायसन्ससाठी वय २० पूर्ण हवे आणि हलक्या वाहनाचे लायसन्स किमान एक वर्ष जुने हवे. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार ड्रायव्हिंग स्कूलमध्ये जड वाहनाचे शिक्षण किमान ३० दिवसांचे, त्यात प्रत्यक्ष गाडी चालवणे किमान १५ तास. २०२१ मध्ये केंद्र सरकारने मान्यताप्राप्त प्रशिक्षण केंद्रांचे नवे नियम आणले. तिथे जड वाहनाचा अभ्यासक्रम ६ आठवड्यांत ३८ तासांचा आहे आणि त्यात वर्गातले तासही आले. हे प्रमाणपत्र मिळाले की आरटीओची वेगळी चाचणी द्यावी लागत नाही.

इथे कायदा संपतो. लायसन्स हातात पडल्यावर पहिले काही महिने शेजारी जाणता माणूस बसला पाहिजे, असे कुठेच लिहिलेले नाही. स्कूलच्या रिकाम्या ट्रकवर शिकलेला पोरगा दुसऱ्या दिवशी चाळीस टनांचा ट्रेलर घेऊन कसारा घाट उतरू शकतो. कागदावर त्यात काही चूक नाही. छोट्या गाड्यांचे तर आणखी सोपे झाले. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने सांगितले की ७,५०० किलोपर्यंतची मालवाहू गाडी हलक्या वाहनाच्या लायसन्सवर चालवता येते. पोटापाण्याच्या दृष्टीने तो निकाल बरा आहे, मी त्याच्या विरोधात नाही. पण कारवर शिकलेला मुलगा भरलेल्या पिकअपवर कुठे शिकणार, हा प्रश्न त्याने सुटत नाही.

खरी शाळा वेगळीच आहे. आपला पोरगा आधी क्लीनर म्हणून चढतो. गाडी धुणे, टायर बदलणे, ताडपत्री ओढणे, दोर आवळणे, स्टोव्हवर उस्तादाचा स्वयंपाक करणे, अशी दोन-तीन वर्षे जातात. स्टिअरिंग कधी मिळते? रात्री दोन-अडीचला, हायवे मोकळा असतो आणि उस्तादाला झोप आवरत नाही तेव्हा. कायदा म्हणतो शिकाऱ्याच्या शेजारी शिकवणारा पाहिजे. इथे शिकवणारा मागे घोरत असतो. हे शिक्षण उस्तादाच्या मर्जीचे. मर्जी बसायला नाते लागते, गाव लागते, आणि आडनावही लागते. ज्याच्या चुलत्याच्या चार गाड्या आहेत तो घरच्या ट्रकवर दिवसाउजेडी शिकतो. ज्याचे कुणी नाही तो एक तर वर्षानुवर्षे क्लीनरच राहतो, नाही तर एखाद्या दिवशी ड्रायव्हर आला नाही म्हणून मालक त्याच्याच हातात चावी देतो. दोन्हीकडे नुकसान त्याचेच.

हे वाचून १९३८ ची मनमाडची परिषद आठवते. रेल्वेतल्या अस्पृश्य कामगारांपुढे बोलताना बाबासाहेबांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू सांगितले, एवढे आपल्याला पाठ असते. त्याच भाषणात त्यांनी गँगमनचे दुखणेही मांडले होते. आपला माणूस गँगमन म्हणून लागतो आणि गँगमन म्हणूनच संपतो, साधा पोर्टरही होत नाही, कारण पोर्टरला स्टेशनमास्तरच्या घरात काम करावे लागते. वरच्या कामापर्यंत पोहोचण्याची वाट कुणाच्या तरी घरातून जाते, तोवर ती आपल्यासाठी बंद असते. ट्रकच्या केबिनचेही तेच आहे.

उस्तादाकडून कौशल्य येते तशा खोडीही येतात. नोव्हेंबर २०२२ मध्ये पुण्याच्या नवले पुलावर एका मालवाहू गाडीने उतारावर ४८ वाहनांना धडक दिली. ब्रेक निकामी झाले अशी आधी चर्चा होती. प्राथमिक तपासात पुढे आले की डिझेल वाचवायला उतारावर इंजिन बंद केले होते. इंजिन बंद झाले की गिअरची पकड जाते, स्टिअरिंग जड होते, हवेच्या ब्रेकची टाकी पुन्हा भरत नाही. चार वेळा ब्रेक दाबला की हवा उतरते आणि तापलेले ड्रम धरत नाहीत. ज्या गिअरमध्ये घाट चढायचा त्याच गिअरमध्ये उतरायचा, हे जुने ड्रायव्हर सांगतात. मग इंजिन बंद का करतात? ट्रिपचा खर्च ठोक मिळतो आणि वाचलेले डिझेल तेवढीच वरकमाई असते म्हणून. पगार नीट नसेल तर शिकवणीही बिघडते.

आणि शिक्षा? भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६(२) मध्ये अपघात करून न कळवता पळाल्यास १० वर्षांपर्यंत कैद लिहिली आहे. जानेवारी २०२४ मध्ये ड्रायव्हरांनी चक्काजाम केला, म्हणून १ जुलै २०२४ ला संहिता लागू झाली तेव्हा हे कलम बाजूला ठेवले. पुस्तकातून ते गेलेले नाही. जमावाच्या मारापुढून पळणाऱ्याला दहा वर्षे, आणि त्याला न शिकवता रस्त्यावर सोडणाऱ्या मालकावर शिकवण्याची कसलीच जबाबदारी नाही. २०२२ मध्ये देशात रस्त्यावर १,६८,४९१ माणसे मेली. त्यात पायी चालणारे, सायकलवाले, दुचाकीवालेही होते. तेही बहुतेक आपल्यातलेच.

याच देशात रेल्वे नव्या माणसाच्या हाती एकट्याने गाडी देत नाही. तो आधी सहायक लोको पायलट होतो, वर्षानुवर्षे शेजारी बसतो, त्याचा पगार घेतो, आणि मग पायरीपायरीने पुढे जातो. त्या भरतीत आरक्षणही आहे. रुळावर जे शहाणपण चालते ते डांबरावर का चालत नाही? कारण रेल्वे अपघाताचा जाब सरकारला द्यावा लागतो. ट्रकच्या अपघातात ड्रायव्हर पकडला की काम भागते.

तर मुदत किती? माझे म्हणणे असे: ६ आठवड्यांच्या अभ्यासक्रमानंतर जड वाहनावर किमान सहा महिने अनुभवी ड्रायव्हरच्या शेजारी, आणि त्यात एक पूर्ण पावसाळा आलाच पाहिजे. घाट, रात्र, भरलेली गाडी, अर्धा टँकर, ओला रस्ता, या सगळ्याची नोंद एका वहीत, शिकवणाऱ्याच्या सहीने. शहरातल्या छोट्या टेम्पोला महिना पुरे.

लगेच आपलेच लोक विचारतील, सहा महिने पोरगा खाणार काय? लांब शिक्षण म्हणजे गरिबाचा रस्ता बंद. आक्षेप खरा आहे. बिनपगारी सहा महिने म्हणजे क्लीनरगिरीच कायदेशीर करणे. म्हणून पगाराशिवाय ही मागणी मी करणारच नाही. पण तो पगार कुणी द्यायचा, यावर घाई नको. महामंडळाचे कर्ज काढून एकच ट्रक घेतलेला आपला माणूस दोन ड्रायव्हर पोसू शकत नाही. हप्ता थकला की त्याची गाडी ओढून नेतात. १९६१ चा मोटार वाहतूक कामगार कायदासुद्धा पाचपेक्षा कमी कामगार असलेल्या मालकाला आपोआप लागू नव्हता. भार टाकायचा तो मोठ्या वाहतूक कंपन्यांवर आणि ज्यांचा माल हलतो त्या सिमेंट, पोलाद, तेलवाल्यांवर. त्यासाठी १९६१ चाच शिकाऊ उमेदवार कायदा हाताशी आहे. ३० किंवा जास्त कामगारांच्या आस्थापनेला शिकाऊ घ्यावेच लागतात, विद्यावेतन द्यावे लागते, आणि कलम ३अ मध्ये अनुसूचित जाती-जमातींना शिकाऊ जागा राखीव आहेत. शेजारच्या सीटचे सहा महिने या कायद्यात बसवले तर मर्जीच्या जागी हक्क येतो. एकाच गाडीच्या मालकाचा वाटा समाजकल्याण विभागाने अनुसूचित जातींच्या निधीतून भरावा. दरवर्षी तो निधी दुसरीकडे वळवला जातो म्हणून आपण ओरडतो, तर मागायला एवढी नेमकी गोष्ट दुसरी कोणती?

निवेदने जातील, उत्तरे येतील तेव्हा येतील. तोवर मंडळांनी एक करावे. ज्यांनी वीस-वीस वर्षे घाट उतरवले आहेत असे ड्रायव्हर प्रत्येक वस्तीत आहेत. रविवारच्या वंदनेनंतर त्यांना विहारात बसवा आणि नव्या लायसन्सवाल्या पोरांना समोर बसवा. हवेचा ब्रेक, लोड कसा बांधायचा, झोप आली तर मालकाला फोनवर काय सांगायचे, यावर त्यांना बोलू द्या. आणि त्या पोरांना विचारा, पहिल्यांदा एकट्याने गाडी नेली तेव्हा शिकून किती दिवस झाले होते. उत्तरे लिहून ठेवा, निवेदनाला जोडायला लागतील.