खोकला येण्याआधी

फुप्फुसाचा कर्करोग खोकल्यातून, थुंकीतल्या रक्तातून बोलू लागतो, तोवर बहुतेकदा तो पसरलेला असतो. म्हणून काहीच होत नसताना तपासायचे. अमेरिकेत सिगारेट ओढणाऱ्या आणि सोडलेल्या ५३ हजारांहून अधिक जणांवरच्या चाचणीने २०११ मध्ये दाखवले, की कमी मात्रेच्या सीटी स्कॅनने या कर्करोगाचे मृत्यू एक्स-रेच्या तुलनेत २० टक्क्यांनी घटतात. ना इंजेक्शन, ना उपाशी राहणे. आडवे पडून काही सेकंद श्वास रोखला की झाले.

पण त्याच चाचणीत संशयास्पद ठरलेल्या दर शंभर अहवालांपैकी सुमारे ९६ खोटे निघाले. आपल्याकडे तर जुन्या क्षयाचे व्रण छातीत घेऊन हिंडणारे पुष्कळ. प्रत्येक डागात सुई खुपसायची का? उलट, कर्करोगालाच क्षय समजून महिनोन्महिने गोळ्या गिळणारेही आहेत.

हा स्कॅन कोणाचा करावा, याचा अमेरिकी निकष वय ५० ते ८० आणि वीस वर्षे रोज एक पाकीट, असा. त्यात आपली विडी कशी मोजायची? आणि आयुष्यभर चुलीपुढे बसलेली बाई? सरसकट ‘हेल्थ पॅकेज’मध्ये सीटी विकणाऱ्या जाहिराती मला म्हणूनच खटकतात. वर्षानुवर्षे सिगारेट ओढलेल्या पन्नाशीपुढच्यांनी मात्र हा विषय डॉक्टरांकडे स्वतःहून काढावा. बहुतेक दवाखान्यांत तो कोणी काढत नाही.