हात नव्हे, श्वास

पेडण्याच्या उत्तरेस तेरेखोल, दक्षिणेस शापोरा. डिचोलीत वाळवंटी नदी आणि मयेचे तळे. अशा मुलखात मुलांना पोहणे निराळे शिकवावे लागत नाही, अशी आपली समजूत आहे. सुक्या नारळांची जोडी बांधून पाण्यात सोडलेले मूल लवकरच तरंगू लागते, हेही खरे. परंतु तरंगणे निराळे आणि दमछाक न होता अंतर कापणे निराळे.

आपली मुले मान वर ठेवून हात मारतात. नदीत समोरचे दिसावे लागते, म्हणून ही सवय स्वाभाविकच होय. तथापि डोके उचलले की कंबर व पाय खाली जातात, पाण्याचा अवरोध वाढतो आणि बरेचसे बळ देह सावरण्यातच खर्ची पडते.

'फ्रंट क्रॉल' पद्धतीत म्हणूनच चेहरा पाण्यात आणि दृष्टी तळाकडे असते. पाय गुडघ्यातून न झाडता मांडीपासून हलवावेत, घोटे सैल सोडावेत. हात पुढे लांबवून, कोपर उंच राखून, पाणी थेट मांडीपर्यंत मागे रेटावे.

एवढे पुष्कळांना जमते. अडते ते श्वासापाशी. पाण्याखाली श्वास कोंडून धरायचा आणि तोंड वर येताच तो सोडून नवा घ्यायचा, एवढा अवधी मिळतच नाही. उच्छ्वास पाण्यातच नाकातोंडाने संथपणे सोडावा. मग खांद्याबरोबर मान कुशीकडे वळवून, एक कान पाण्यात ठेवून, केवळ श्वास घ्यावा. प्रथम कंबरभर पाण्यात काठ धरून इतकेच साधावे. हातांचा अभ्यास मागाहून.

२०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत कोल्हापूरच्या वीरधवल खाडे यांचे ५० मीटर फ्रीस्टाइलचे कांस्यपदक अवघ्या ०.०१ सेकंदाने हुकले. स्पर्धेत बारकाव्यांचे मोल असे मोजले जाते. आपल्या मुलांच्या बाबतीत मात्र प्रश्न पदकाचा नसतो. दम तुटलेला मुलगा घाबरतो आणि घाबरलेला मुलगा येत असलेले पोहणेही विसरतो.

म्हणून हा अभ्यास म्हापशाच्या पेडे येथील किंवा पणजीच्या कांपाल येथील तलावात, शिक्षकाच्या नजरेखाली व्हावा. शहरातील तलावात तरबेज झालेली, सुटीत गावी येणारी मुलेही हे ध्यानात ठेवोत, की ओहोटीची ओढ आणि डिचोलीतील खाणींच्या पाणी साचलेल्या खड्ड्यांचे निसरडे, उभे काठ तलावात अनुभवास येत नाहीत. त्या खड्ड्यांत उतरूच नये. आणि नदीवर जाताना काठावर एक जाणते माणूस असावेच.