बिनपावतीची सवलत

तुळशीचे लग्न लागून गेले, की भिवंडी शहरात आणि भोवतालच्या काल्हेर, पूर्णा, राहनाळ, पडघा अशा गावांतून लग्नसराईची लगबग सुरू होते. आणि मग हॉलच्या कचेरीत, मंडपवाल्याच्या गोदामात किंवा केटररच्या ओटीवर वधूपित्यासमोर हटकून एक प्रस्ताव मांडला जातो : ‘काका, सगळी रक्कम आत्ताच रोख दिलीत तर पंधरा हजार सोडतो, फक्त बिल मागू नका.’ भिशीतून, मागावरच्या मजुरीतून किंवा गोदामासाठी विकलेल्या जमिनीच्या शिल्लक रकमेतून वर्षानुवर्षे पैसा साठवणाऱ्या गृहस्थाला पंधरा हजार ही लहान रक्कम वाटत नाही. तो नोटांचे बंडल काढतो, समोरचा मनुष्य वहीत काहीतरी टिपून घेतो, आणि व्यवहार विश्वासावर पुरा होतो.

माझे स्पष्ट मत असे आहे, की ही सवलत सामान्य कुटुंबाने घेऊ नये. कार्य पार पडेपर्यंत व्यावसायिकावर धाक ठेवणारी शिल्लक रक्कम आणि आपण पैसे दिले याचा पुरावा, ही आपल्या हातातली दोन्ही साधने यजमान एकाच क्षणी गमावून बसतो, आणि तीही अशा प्रसंगी की ज्याची तारीख बदलता येत नाही आणि ज्याची चूक दुसऱ्या दिवशी दुरुस्त होत नाही.

या सवलतीचा पैसा येतो कोठून, हे आधी पाहू. मंडप आणि सजावटीच्या सेवेवर 18 टक्के वस्तू व सेवा कर आहे. दीड लाखाच्या मंडपावर तो 27 हजार होतो. नोंदणीकृत व्यावसायिकाने बिलच केले नाही, तर हा कर सरकारी तिजोरीत जात नाही, त्या उत्पन्नाची नोंद प्राप्तिकराच्या हिशेबातही येत नाही, आणि यजमानाला ‘सोडलेले’ पंधरा हजार या न भरलेल्या करातूनच निघतात. म्हणजे व्यावसायिक आपल्या नफ्यातला एक पैसाही कमी करत नाही. सार्वजनिक पैशातला एक हिस्सा तो यजमानाला देतो आणि त्याच्या मोबदल्यात त्याचा हक्काचा कागद काढून घेतो. ज्या शहरात प्रत्येक पावसाळ्यात रस्ते आणि गटारे यांच्याविषयी आपण रास्त तक्रार करतो, त्या शहरातल्या नागरिकाने हा सौदा लाभाचा मानावा, याचा मला मनापासून खेद होतो.

वर्षाची उलाढाल 20 लाखांच्या आत असलेल्या लहान आचाऱ्याला किंवा बँडवाल्याला या कराची नोंदणी सक्तीची नाही, हे खरे. पण त्याला सगळी रक्कम आधी हवी असते, त्याचे कारण निराळे असते. किराणा आणि गॅस रोखीने घ्यावा लागतो, फुलांसाठी पहाटे कल्याणचा बाजार गाठावा लागतो, वाढप्यांची मजुरी त्याच रात्री चुकवावी लागते. आणि पंगती उठल्यावर उरलेल्या पैशासाठी त्याला महिनोन्महिने हेलपाटे घालायला लावणारे यजमानही थोडे नाहीत. त्याची ही अडचण मी नाकारत नाही. त्याला आगाऊ रक्कम मिळालीच पाहिजे. परंतु संपूर्ण रक्कम आधी घेण्याच्या प्रथेत पुष्कळदा असे होते, की आजच्या यजमानाच्या पैशातून मागच्या लग्नाची देणी भागवली जातात आणि आजचे लग्न पुढच्या यजमानाच्या पैशावर उभे राहते. अशा वेळी आपण देतो ती रक्कम सेवेचे मोल न राहता बिनव्याजी आणि बिनदस्तऐवजी कर्ज बनते.

ही साखळी तुटते तेव्हा काय होते, ते आपण 2020 साली पाहिले. 25 मार्चपासून देशभर टाळेबंदी लागू झाली. त्या वर्षीची अक्षय्य तृतीया 26 एप्रिलला होती, आणि त्या सुमाराच्या मुहूर्तांसाठी हॉल, मंडप, जेवणावळी यांचे पैसे अनेकांनी आधीच मोजले होते. पुढे पन्नास माणसांत लग्न करण्याची मुभा मिळाली. एप्रिल 2021 मध्ये तर राज्य शासनाने उपस्थिती 25 वर आणि समारंभ दोन तासांवर आणला. 1872 च्या करार कायद्याच्या कलम 56 आणि 65 यांचा आशय असा, की करार पाळणे अशक्य होऊन तो रद्दबातल झाला, तर त्यापोटी घेतलेला लाभ घेणाऱ्याने परत केला पाहिजे. कायदा यजमानाच्या बाजूचा होता; पण लाभ दिला हे सिद्ध करण्याचा भारही यजमानावरच होता, आणि ज्याच्यापाशी पावती नव्हती त्याला व्यावसायिकाच्या सद्भावनेवाचून दुसरा आधार नव्हता.

त्याआधीची एक हकिकत भिवंडीने तर विसरूच नये. 8 नोव्हेंबर 2016 च्या रात्री पाचशे आणि हजाराच्या नोटा रद्द झाल्या. मजुरी रोखीने चुकवणाऱ्या या गावात यंत्रमागांचा खडखडाट थंडावला आणि कारागीर मुलखाला परतू लागले. त्याच सुमारास लग्नघरांची तारांबळ पाहून रिझर्व्ह बँकेने 21 नोव्हेंबरला परिपत्रक काढले आणि विवाहासाठी खात्यातून अडीच लाखांपर्यंत रक्कम काढण्याची मुभा दिली. त्या अर्जासोबत जे पुरावे मागितले होते, त्यांत लग्नपत्रिकेच्या जोडीला हॉल, केटरर यांना दिलेल्या आगाऊ रकमेच्या पावत्यांच्या प्रतीही होत्या. स्वतःच्या खात्यातला, स्वतःच्या घामाचा पैसा काढण्यासाठी ऐन वेळी पावती रुजू करावी लागली. बिल न घेण्याच्या अटीवर सवलत मिळवलेल्या माणसाने त्या दिवशी बँकेच्या खिडकीवर काय दाखवावे?

मोठ्या रकमांच्या बाबतीत तर कायद्याची मर्यादा स्पष्ट आहे. 1 एप्रिल 2017 पासून एका व्यक्तीकडून एका दिवसात, एका व्यवहारापोटी किंवा एकाच प्रसंगाशी संबंधित व्यवहारांपोटी दोन लाख किंवा त्याहून अधिक रक्कम रोखीने स्वीकारण्यास मनाई आहे, आणि दंड स्वीकारलेल्या रकमेइतका आहे. तो घेणाऱ्यावर बसतो, देणाऱ्यावर नाही. चार हप्त्यांत चार दिवशी रोख दिली म्हणजे सुटका होते, असा समज प्रचलित आहे. परंतु एकच विवाह हा एकच प्रसंग असल्याने हा मार्ग निरुपयोगी ठरतो.

पावतीचा हा आग्रह शहरी किंवा नवा नाही. 1875 साली पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी उठाव होऊन शेतकऱ्यांनी सावकारांचे रोखे जाळले. त्यानंतर 1879 चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा झाला आणि कुळाने केलेल्या परतफेडीची लेखी पावती देण्याचे बंधन त्याने सावकारावर घातले. दुबळ्या पक्षाच्या हाती कागद असावा, हे तत्त्व या महाराष्ट्रात इतक्या यातनांनंतर मान्य झाले. ते आपण थोड्याशा सवलतीसाठी सोडून द्यावे काय? सुताचा एक गोणाही चलनावाचून आत न घेणारा आपला यंत्रमागधारक मुलीच्या लग्नात मात्र लाखांचा व्यवहार तोंडी करतो.

म्हणून माझी सूचना साधी आहे. आरंभी विसार म्हणून तिसरा हिस्सा द्यावा, कार्याच्या आठवड्यात आणखी तितकाच, आणि शेवटचा हिस्सा मांडव उतरल्यावर त्याच दिवशी चुकता करावा. व्यावसायिकाला दारी हेलपाटे घालायला लावू नये. प्रत्येक रकमेची पावती घ्यावी. नोंदणीकृत व्यावसायिकाने आगाऊ रकमेचीही पावती दिली पाहिजे, असे वस्तू व सेवा कराचा कायदाच सांगतो. तारीख, माणसांची संख्या, पदार्थ आणि कार्य रहित झाल्यास किती पैसे परत मिळतील, हे एका पानावर लिहून दोघांनी सही करावी. हे पान मराठी, उर्दू, हिंदी आणि तेलुगू या शहराच्या चारही भाषांत छापून हॉलच्या दारी ठेवण्याचे काम इथल्या जमाती, समाजमंडळे आणि महानगरपालिका यांनी अंगावर घ्यावे, अशी माझी त्यांना आग्रहाची विनंती आहे. आणि एवढे करूनही फसगत झालीच, तर ठाण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. दिलेला मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर तिला शुल्क लागत नाही. अर्जासोबत पावतीची प्रत मात्र जोडावी लागते.