कुलगुरूंचे आसन आणि निवडणुकीचा कौल

डिसेंबर २०२३ ते ऑगस्ट २०२४ या अवधीत पेनसिल्व्हेनिया, हार्वर्ड आणि कोलंबिया या अमेरिकेतील तीन नामांकित विद्यापीठांच्या अध्यक्षांना एकामागून एक पदत्याग करावा लागला. प्रत्येकीच्या प्रकरणाचा तपशील निराळा होता. परंतु एकीकडे विद्यार्थ्यांची क्षुब्ध निदर्शने आणि दुसरीकडे लोकप्रतिनिधींची उलटतपासणी, हे चित्र तिन्ही ठिकाणी सारखेच दिसले. विद्यापीठप्रमुखाने पदावर राहावे की जावे, हे ठरविण्याचा अधिकार कोणाचा? या प्रश्नाचा विचार करू पाहणाऱ्याने कॅलिफोर्निया विद्यापीठाचे अध्यक्ष क्लार्क केर यांच्या कारकीर्दीची अखेरची अडीच वर्षे अवश्य अभ्यासावीत, असे आम्हांला वाटते.

केर १९५८ साली अध्यक्ष झाले. तेथील अध्यक्ष म्हणजे आपल्याकडील कुलगुरूच. अर्थशास्त्राचे प्राध्यापक आणि मालक-मजुरांच्या तंट्यांतील अनुभवी लवाद अशी त्यांची ख्याती होती. १९६० साली त्यांच्या पुढाकाराने झालेल्या योजनेने गुणानुक्रमे वरच्या अष्टमांश विद्यार्थ्यांना विद्यापीठाचे, वरच्या तृतीयांशाला राज्य महाविद्यालयांचे आणि उरलेल्या सर्वांना द्विवर्षीय महाविद्यालयांचे दार उघडून दिले. अशा कर्तबगार पुरुषाला रस्त्याकडेच्या काही मेजांनी जेरीस आणावे, हा दैवदुर्विलासच म्हणावयाचा!

सप्टेंबर १९६४ मध्ये बर्कले येथील अधिकाऱ्यांनी, विद्यापीठाच्या दारालगत मेजे मांडून राजकीय पत्रके वाटण्यास व निधी जमविण्यास बंदी केली. केर तेव्हा परदेशी होते. परतल्यावर हा हुकूम चुकीचा आहे असे त्यांचे मत झाले. तथापि हाताखालच्या अधिकाऱ्याचा अधिक्षेप नको म्हणून त्यांनी तो रद्द केला नाही. आमच्या मते त्यांची खरी चूक ती हीच. १ ऑक्टोबरला एका मेजावर बसलेल्या तरुणास पोलिसांनी पकडताच विद्यार्थ्यांनी पोलिसांच्या मोटारीला गराडा घातला आणि तो सुमारे ३२ तास हलला नाही. शेकडो पोलिस सज्ज असताना केर यांनी विद्यार्थ्यांशी बोलणी करून करार केला आणि रक्तपात टाळला. डिसेंबरच्या आरंभी विद्यार्थ्यांनी कचेरीची इमारत व्यापली, तेव्हा केर थोडे थांबण्याच्या मताचे होते. परंतु गव्हर्नर ब्राउन यांनी पोलिस आत धाडले व सुमारे ८०० जणांना अटक झाली. ८ डिसेंबरला प्राध्यापकांच्या सभेने ८२४ विरुद्ध ११५ मतांनी विद्यार्थ्यांच्या भाषणस्वातंत्र्याच्या बाजूने निर्णय दिला. मार्च १९६५ मध्ये केर यांनी राजीनामा जाहीर केला आणि काही दिवसांतच तो मागे घेतला.

विद्यार्थ्यांना ते निर्जीव यंत्राचे चालक वाटत, तर नियामक मंडळातील अनेकांना बंडखोरांचे पाठीराखे. उभयपक्षी समजूत घालण्याचा जो गुण कारखान्यांच्या तंट्यांत उपयोगी पडला, तोच येथे दोष ठरला. पुढे १९६६ च्या निवडणुकीत रोनाल्ड रेगन यांनी बर्कलेतील घाण साफ करण्याची भाषा वापरून मते मागितली आणि जवळजवळ दहा लाखांच्या मताधिक्याने ते गव्हर्नर झाले. गव्हर्नर हा पदसिद्ध नियामक. शपथविधीला तीन आठवडेही झाले नव्हते, तोच २० जानेवारी १९६७ रोजी मंडळाने १४ विरुद्ध ८ मतांनी केर यांना तडकाफडकी बडतर्फ केले. रेगन यांचे मत अर्थातच बहुमतात होते. इंग्रजीत ‘फायर’ या शब्दाने स्फुरणही सूचित होते आणि हकालपट्टीही. त्यावर श्लेष करून, आपण आलो तसेच उत्साहाने ‘फायर’ होऊन जात आहोत, असे केर हसत म्हणाले.

विद्यापीठ सर्व राजकीय वर्चस्वापासून मुक्त राहील, असे कॅलिफोर्नियाच्या राज्यघटनेतच नमूद आहे. नियामकांची मुदत त्या काळी सोळा वर्षांची होती. एका निवडणुकीच्या लाटेने मंडळ वाहून जाऊ नये, हाच तिचा हेतू. तरीही ते वाहून गेले. घटनेतील कलमाने काम भागत नाही, कलम पाळणारी माणसे लागतात, असे कोणी म्हणेल. आमचा आक्षेप त्याहून नेमका आहे. केर यांच्यावर दोषारोप ठेवून त्यांची रीतसर चौकशी झाली असती, तर निकाल काहीही लागो, मंडळाला बोल लावता आला नसता. येथे चौकशीच्या जागी मतदारांचा राग पुरेसा मानण्यात आला. आपल्याकडे कुलगुरूंच्या नेमणुकीत सरकारचा हात किती असावा, हा वाद घालणाऱ्या दोन्ही पक्षांनी नेमणुकीइतकाच गच्छंतीचाही विचार करावा.

या प्रकरणाचे एक अंग उजेडात यावयाला पस्तीस वर्षे लागली. सरकारी कागदपत्रे मिळविण्यासाठी दीर्घ न्यायालयीन लढा दिल्यावर सॅन फ्रान्सिस्कोच्या ‘क्रॉनिकल’ पत्राने २००२ साली उघड केले की, एफबीआयचे प्रमुख एडगर हूवर यांची यंत्रणा केर यांना हटविण्याच्या खटपटीत होती. राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी त्यांना मंत्रिपद देण्याचे मनात आणले असता, खोटे ठरलेले आरोपही त्या खात्याने आपल्या अहवालात घातले होते. ही माहिती छापून आली तेव्हा केर ९१ वर्षांचे होते. पुढल्याच वर्षी, १ डिसेंबर २००३ रोजी, ते वारले.