रविवारच्या जेवणाची कैफियत

इंग्लंडातील वृत्तपत्रे काही दुःखे ठरावीक अंतराने प्रकट करीत असतात, आणि ‘संडे रोस्ट’ लयास चालला हे त्यांतील एक आवडते दुःख आहे. रविवारी दुपारी अवघे कुटुंब एका टेबलाभोवती बसावे, मधोमध भाजलेल्या मांसाचा मोठा अखंड तुकडा मांडलेला असावा, आणि घरातील कर्त्या पुरुषाने लांब सुरीने त्याचे पातळ काप काढून प्रत्येकाच्या ताटात वाढावेत, अशी ही वहिवाट. ती आता मोडली, आई भट्टीपुढे उभी राहत नाही, मंडळी पबमध्ये जाऊन आयते जेवतात, आणि जी घरी जेवतात ती दुकानातून गोठवलेले यॉर्कशायर पुडिंग आणतात, असा या विलापाचा मजकूर असतो. ज्या मांसाला इंग्रज या ताटात अग्रमान देतो ते आपल्यापैकी बहुसंख्यांना वर्ज्य आहे, आणि कित्येकांना तर मांसमात्रच वर्ज्य आहे; तेव्हा या विलापात सूर मिसळण्याचे आपल्याला वरकरणी काही कारण नाही. परंतु आठवड्यातून एकदा सर्वांनी एकत्र बसून नेहमीपेक्षा सरस असे काही जेवण्याची रीत आपल्याकडेही आहे, तिच्या नावानेही असेच उसासे टाकले जातात, आणि दोन्हीकडच्या उसाशांत एकच चूक आहे असे माझे मत असल्यामुळे परक्या ताटात थोडे डोकावण्याचे मी ठरवले आहे.

त्या ताटात काय असते, हे आधी सांगितले पाहिजे. गाईचे, मेंढीचे किंवा डुकराचे मांस, अथवा अलीकडे पुष्कळदा सबंध कोंबडी. सोबत त्याच चरबीत खरपूस भाजलेले बटाटे, गाजर, पार्सनिप, उकडलेला कोबी वा मटार. आणि भाजताना गळलेल्या रसात पीठ मिसळून केलेली दाट ग्रेव्ही. गोमांसाबरोबर नाकाला झोंबणारे हॉर्सरॅडिश, मेंढीबरोबर पुदिन्याचे सॉस, डुकराबरोबर सफरचंदाचे, हा शिरस्ता इतका पक्का की त्यात अदलाबदल करणाऱ्याकडे लोक संशयाने पाहतात. यॉर्कशायर पुडिंग म्हणजे अंडी, दूध आणि मैदा यांचे सरसरीत पीठ कडकडीत तापलेल्या चरबीत ओतून फुगवलेला प्रकार. हॅना ग्लास या लेखिकेने १७४७च्या आपल्या पाकग्रंथात त्याची कृती दिली आहे. पूर्वी ते मांसाच्या आधी, नुसत्या ग्रेव्हीबरोबर वाढीत. त्यातला हेतू उघड होता: पोटाचा मोठा भाग मैद्याने भरला, तर महागडे मांस थोडक्यात भागते. आपल्याकडे अचानक पाहुणा आला म्हणजे रश्शात तांब्याभर पाणी वाढवणारी गृहिणी आणि ही यॉर्कशायरची गृहिणी एकमेकींना भेटत्या, तर भाषेवाचूनही त्यांचे छान जमले असते.

या ताटातल्या गोमांसाभोवती इंग्रजांनी राष्ट्राभिमानाचा केवढा थोरला डोलारा उभा केला, ते पाहून मौज वाटते. हेन्री फील्डिंगने १७३१ साली त्यावर गीत रचले, विल्यम होगार्थने १७४८ साली त्याच गीताच्या नावाने चित्र काढून त्यात उपाशी फ्रेंच शिपायांची टर उडवली, आणि फ्रेंचांनी उलट इंग्रजांनाच ‘रोस्बिफ’ असे टोपणनाव देऊन तो हिशेब चुकता केला. या गौरवात जी गोष्ट सोयीस्करपणे गळते ती अशी की, उघड्या जाळापुढे सळईवर मांस फिरवत ठेवणे हे काम फार कष्टाचे आणि फार इंधनखाऊ होते. मोठ्या हवेल्यांत त्यासाठी एखादे पोर दिवसभर आचेत बसवलेले असे, अथवा चाकात धावून सळई फिरवणारी, आखूड पायांची एक खास कुत्र्यांची जात पाळलेली असे. ती जात आता नष्ट झाली. तिचा एक पेंढा भरलेला नमुना वेल्समधील ॲबरगॅव्हेनीच्या संग्रहालयात ठेवलेला आहे.

सामान्य रयतेच्या घरी सळई नव्हती, कुत्रा नव्हता आणि कित्येकदा भट्टीही नव्हती. मग लंडनमधील मजुराच्या, शिंप्याच्या, कारकुनाच्या कुटुंबात रविवारचे मांस भाजले कोठे जात होते? याचे उत्तर विलाप करणाऱ्यांच्या लेखांत क्वचितच आढळते, आणि माझ्या दृष्टीने साऱ्या प्रकरणाचे मर्म तेथेच आहे. ते भाजले जात असे पाववाल्याच्या भट्टीत. रविवारी विक्रीसाठी पाव भाजण्यास पाववाल्याला कायद्याने मनाई होती, पण लोकांनी आणून दिलेली जेवणे भाजून देण्याची मुभा दुपारपर्यंत होती. भट्टीची विटांची कमान आदल्या दिवसाच्या आचेने तापलेली असे. आणि त्यामुळे सकाळी बटाट्यांवर मांस रचलेले आपापले भांडे पाववाल्याकडे नेऊन द्यावे, त्याला थोडकी मजुरी द्यावी, प्रार्थना आटोपून परतताना ते वाफाळते भांडे फडक्यात गुंडाळून घरी आणावे, असा क्रम शहरांतून रूढ झाला होता. चार्ल्स डिकन्सच्या १८४३ सालच्या नाताळकथेतील क्रॅचिट कुटुंबाचा प्रसिद्ध हंस याच रीतीने भाजला गेला. त्या घरातील धाकटी दोन मुले पाववाल्याच्या दारावरून येताना नुसत्या वासावरून आपला हंस ओळखतात. त्याच कथेत गरिबांच्या या भट्ट्या रविवारी बंद पाडू पाहणाऱ्या धर्ममार्तंडांवर डिकन्सने सणसणीत ताशेरे मारले आहेत. त्या रागाला कारणही होते. सर अँड्र्यू ॲग्न्यू या सभासदाने रविवारचे सर्व व्यवहार बंद करण्याचे विधेयक पार्लमेंटात वारंवार आणले होते, आणि डिकन्सने १८३६ सालीच टोपणनावाने एक पुस्तिका लिहून त्याचा समाचार घेतला होता. श्रीमंताचा स्वयंपाकी रविवारी त्याच्या घरातच राबत असल्यामुळे असल्या कायद्याची झळ श्रीमंताला लागत नाही, ती फक्त भट्टी नसलेल्यालाच लागते, हा त्याचा मुद्दा आजही लागू पडेल अशा जागा आपल्या आसपास पुष्कळ आहेत.

तेव्हा रविवारचे भोजन आईच्या हातचे आणि घरच्या भट्टीतलेच असावे, ही काही अनादि परंपरा नव्हे. घरोघर लोखंडी शेगड्या आणि पुढे गॅसच्या भट्ट्या आल्यावर, म्हणजे तुलनेने अलीकडे, ती सर्वसाधारण झाली. मांस स्वस्त झाले तेही त्याच सुमारास. फेब्रुवारी १८८२मध्ये न्यूझीलंडच्या पोर्ट चामर्स बंदरातून ‘डनेडिन’ नावाचे जहाज सुमारे ५,००० गोठवलेल्या मेंढ्या-कोकरांचे मांस घेऊन निघाले आणि मे महिन्यात ते लंडनला सुस्थितीत पोहोचले. तेव्हापासून जगाच्या दुसऱ्या टोकाची मेंढी लंडनच्या मजुराच्या आवाक्यात येऊ लागली. म्हणजे ज्या ताटाला अस्सल इंग्लिश मातीचे म्हणून गौरवितात, त्यातील मांस पुष्कळदा न्यूझीलंडच्या कुरणातले असे.

त्या मांसाचा जमाखर्चही पाहण्यासारखा आहे. मोठा तुकडा रविवारी भाजला की सोमवारी तो थंडच खाल्ला जाई, कारण सोमवार हा कपडे धुण्याचा वार, आणि चुलीवर पाण्याचे हंडे चढलेले असताना स्वयंपाकाला जागाही नसे आणि सवडही नसे. मंगळवारी-बुधवारी उरलेल्याचा खिमा होऊन त्यावर बटाट्याचा थर चढे. शिळा कोबी आणि बटाटा परतून आणखी एक जेवण निघे. मिसेस बीटनच्या १८६१च्या गृहव्यवस्थेच्या जाडजूड ग्रंथात उरलेले थंड मांस मार्गी लावण्याची जी प्रकरणे आहेत, त्यांत करीचाही समावेश आहे. हिंदुस्थानच्या मसाल्याला इंग्रज मध्यमवर्गाच्या घरात प्रवेश मिळाला तो असा मागच्या दाराने, शिळ्याची तजवीज लावणारा कारकून म्हणून. रविवारची मेजवानी ही उधळपट्टी नव्हती. ती अर्ध्या आठवड्याची बेगमी होती, आणि तो हिशेब डोक्यात ठेवणारी व्यक्ती सुरी हाती घेणाऱ्याहून वेगळी होती.

दुसऱ्या महायुद्धात या संस्थेची कसोटी लागली. ११ मार्च १९४० रोजी मांसाचे रेशन जारी झाले ते वजनावर नव्हे, किमतीवर: प्रौढ माणशी आठवड्याला एक शिलिंग दहा पेन्स, आणि पुढे त्याहूनही कमी. एकट्याच्या वाट्यात भाजण्याजोगा तुकडा बसणेच अशक्य. तरीही चार-पाच जणांच्या रेशनपुस्तकांचे वाटे एकत्र करून खाटकाकडून रविवारचा तुकडा आणण्याचा प्रघात लोकांनी सोडला नाही. मला या साऱ्या इतिहासात ही गोष्ट सर्वांत अर्थपूर्ण वाटते. अंडे एकट्याचे उकडता येते, चॉप एकट्याची तळता येते. पण भाजण्याचा अखंड तुकडा एकट्यासाठी भाजताच येत नाही, तो लहान असला तर आतून कोरडा होतो. पदार्थाच्या अंगीच अशी अट आहे की खाणारे पुरेसे असले पाहिजेत, आणि त्या अटीमुळेच दूर राहणारा मुलगा, विधवा मावशी, शेजारचा एकटा म्हातारा यांना बोलावणे जाई. रेशन संपले ४ जुलै १९५४ रोजी, आणि त्यानंतरची वीस-पंचवीस वर्षे हा या भोजनाचा सुवर्णकाळ म्हणून वृद्ध इंग्रजांच्या स्मरणात आहे. रविवारी दुपारी रेडिओवर लागणारा ‘फॅमिली फेव्हरिट्स’ हा फर्माइशी गाण्यांचा कार्यक्रम आणि भट्टीतून येणारा वास यांची त्यांच्या मनात फारकत होत नाही.

त्या सुवर्णकाळात रविवारची सकाळ कोणी कशी घालवली, हा प्रश्न मात्र विचारला पाहिजे. पुरुष प्रार्थनेला किंवा पबमध्ये, मुले बाहेर, आणि बाई सकाळपासून बटाटे सोलणे, भट्टीची आच सांभाळणे, पुडिंग फुगले की नाही ते दार न उघडता अजमावणे, आणि सर्व जिन्नस एकाच क्षणी गरम टेबलावर येतील असा बंदोबस्त करणे, यांत गुंतलेली. मग जो आचेपुढे क्षणभरही उभा राहिला नाही त्याने समारंभपूर्वक सुरी चालवायची. १९९४च्या कायद्याने इंग्लंड-वेल्समधील मोठ्या दुकानांना रविवारी सहा तास उघडण्याची परवानगी मिळाली आणि त्यामुळे ही प्रथा ढासळली, असे म्हणणारे पुष्कळ आहेत. दुकानांचा परिणाम झाला असेल. पण त्या बाईला कामावरून सुटी घ्यावीशी वाटली, हे कारण मला अधिक बलवत्तर वाटते, आणि त्यात शोक करण्यासारखे काही दिसत नाही. आज जे कुटुंब तीन पिढ्यांसह पबमध्ये जाऊन रोस्ट जेवते, ते परंपरा मोडत नसून पाववाल्याच्या भट्टीकडेच परत गेलेले आहे. एकत्र बसणे टिकले, राबणे तेवढे बाहेर गेले.

आपल्याकडे रविवार हा मुळात कामगारांनी मागून घेतलेला वार आहे. नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांसाठी आठवड्याच्या सुटीचा तगादा वर्षानुवर्षे चालवला. रविवार हा खंडोबाचा वार, हेही कारण त्यांनी पुढे केले. एप्रिल १८९०मध्ये भरलेल्या कामगारांच्या प्रचंड सभेत दोन कामकरी स्त्रियांनीही भाषणे केली, आणि १० जून १८९० रोजी मालकांनी ही मागणी मान्य केली. त्या दोघींना रविवारी गिरणीतून सुटी मिळाली असेल, चुलीपासून मिळाली असेल असे मानण्यास आधार नाही. सोमवार शंकराचा, मंगळवार गणपतीचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा, अशी वाटणी झाल्यावर मांसाहारी मराठी घरात जे वार उरतात त्यांत सवडीचा एकटा रविवारच. म्हणून सकाळी मटणाच्या दुकानापुढे रांग, घरात वाटणाचा खोबरे-कांदा भाजल्याचा दरवळ, दुपारी रस्सा-भात, आणि मग ज्यांनी काही केलेले नाही त्यांची गाढ झोप. शाकाहारी घरांत मटणाच्या जागी पुरणपोळी किंवा बासुंदी आली तरी झोपणारे आणि भांडी घासणारे यांची वाटणी तीच. रस्सा बाहेरून मागवला, किंवा पोळ्या केंद्रावरून आणल्या, की ‘घरचे ते घरचे’ असे म्हणून नाक मुरडणारे बहुधा या झोपणाऱ्या पक्षातले असतात.

या बाबतीत आपल्या जुन्या खानावळींनी घरांपेक्षा अधिक न्यायबुद्धी दाखवली होती. आठवडाभर आमटी-भातावर राहणाऱ्या विद्यार्थ्यांना आणि एकट्या राहणाऱ्या नोकरदारांना रविवारी दुपारी गोडाधोडाचे पोटभर जेवण मिळे, वाढपी आग्रहही करीत, आणि त्याच दिवशी संध्याकाळी चूल पेटत नसे. दारावर ‘रविवारी संध्याकाळी बंद’ अशी पाटी असे, आणि तिच्याविरुद्ध कोणी मेंबराने तक्रार केल्याचे ऐकिवात नाही. घराच्या स्वयंपाकघरावर तशी पाटी लावलेली मात्र अजून माझ्या पाहण्यात नाही, आणि लावली तर पहिली तक्रार कोण करील हे वाचकांनी आपापल्या घरी अजमावून पाहावे.